मिनिएचर संच: कोरियाची फीत अखेर पट्टीवर चढली

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर गेलेल्या भारतीय तुकड्यांच्या पदकांचा माझा मिनिएचर संच एक पाऊल पुढे सरकला. मेस ड्रेसवर, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या समारंभी जेवणाच्या पोशाखावर, लावतात ती ही छोटी पदकं, मूळ पदकाच्या साधारण निम्म्या आकाराची.

कोरियापासून सुरुवात करायची हे आधीच ठरलेलं होतं. 1938 साली डॉ. कोटणीस चीनला गेले ते आपल्या सोलापूरचे. त्यामुळे नोव्हेंबर 1950 मध्ये कोरियात पोचलेली लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स मला सगळ्यात जवळची वाटते. डॉक्टरांची तुकडी, आणि तिच्या प्रमुखाला महावीर चक्र!

संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया पदकाच्या फितीत 17 उभे पट्टे आहेत: 9 निळे, 8 पांढरे. मूळ फितीत एकेक पट्टा जेमतेम दोन मिलिमीटरचा, मिनिएचरच्या 16 मिलिमीटर फितीत एक मिलिमीटरच्याही आत. स्वस्तातल्या फितींवर पट्टे छापलेले असतात. उलटून पाहिलं की मागची बाजू फिकट दिसते. मला मिळालेली फीत आमच्या गल्लीतल्या काकांना दाखवली. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेलाय. भिंगाखाली धरून, कडेचा एक धागा सुईने उचलून म्हणाले, "रंग ताण्यातच, उभ्या धाग्यांतच आहे रे, छापा नाही." जीव भांड्यात पडला.

शिवायला युनिफॉर्मवाल्या मास्तरांकडे दिली. मधोमधचा नववा पट्टा निळा असतो, तो कडीच्या बरोबर वर यायला हवा. मास्तरांनी मशीन बाजूला ठेवून हाताने टाके घातले, आणि एकही टाका पुढून दिसत नाही.

नव्यांसाठी एक सांगतो: कोरियाचं मूळ पदक तुर्की, थाई, अम्हारिक अशा भाषांतही निघालं होतं. भारतीय संचात इंग्रजीच हवं, त्यामुळे 'कोरिया' लिहिलेली वरची आडवी पट्टी वाचूनच पैसे द्या. आणि कांस्याला पॉलिश लावू नका, कृपा करून.

आता गाझा-सिनाईतल्या यूएनईएफचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन दलाचं पदक, 1956 ते 1967. त्याची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये रुंद निळा पट्टा, कडेला सुएझ आणि नाईलच्या बारीक निळ्या-हिरव्या रेघा. बाजारात दिसली ती हळदीसारखी पिवळी, ती घेणार नाही. 16 मिलिमीटरची विणलेली फीत कुणाकडे असेल तर जरूर कळवा. वीतभर पुरेल.