तुम्ही विचारलंत म्हणून: बाप्तिस्म्याशिवाय लग्न नाही

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाया भेटल्या की म्हणतात, "बाई, तुमचं एवढं वाचन, आणि त्या बायबलवाल्या इंग्रजी प्रेमकथा कशा हो वाचवतात तुम्हाला? सगळा प्रचारच असणार तो." आणि रविवारी उपासना सुटली की आमच्या भगिनी मंडळातली एखादी मला चपलांपाशी गाठते. "यातलं कुठलं मुलीला दिलं तर चालेल? स्वच्छ आहे ना?" एकीला त्यात देव जास्त असेल अशी शंका, दुसरीला कमी असेल अशी. आजवर दोघींना हसून वाटेला लावलं. परवा पुन्हा कुणीतरी विचारलं, म्हणून यावेळी बैठक मारून उत्तर देते.

वाचते, आणि आवडीने वाचते. दहातली सहा अर्ध्यावर टाकून देते हेही खरं, पण तसं मी कुठल्याही दहा पुस्तकांचं करते.

अमेरिकेत या पुस्तकांचा स्वतंत्र बाजार आहे, स्वतंत्र प्रकाशक आहेत. आपल्याला स्टेशनवरच्या स्टॉलमुळे माहीत असलेल्या हार्लेक्विननेसुद्धा १९९७ साली 'लव्ह इन्स्पायर्ड' नावाने त्यांची वेगळी मालिका काढली. नियम ठरलेले: शिवी नको, नायकाच्या हातात पेला नको, शयनगृहाचं दार वाचकाच्या तोंडावर बंद. मला या दाराचं कधी वाईट वाटलं नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही सहा भावंडं वाढलो, दार बंद होणं हीच चैन होती.

माझी सुरुवात झाली जॅनेट ओक यांच्यापासून. आडनाव ओक असलं तरी आपल्याकडच्या ओकांशी संबंध नाही, बाई कॅनडातल्या अल्बर्टाच्या. त्यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली आली आणि आज या प्रकाराला जे रूप आहे ते बरंचसं तिच्यामुळे आहे. मला ती मिळाली चर्चच्या पुस्तकपेटीत, कव्हर गेलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, कुणा पाहुण्याने मागे ठेवलेली. गोष्ट अशी: मार्टी नावाची तरुण मुलगी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघाली आहे, पोटात मूल आहे, आणि वाटेतच नवरा अपघातात जातो. त्याला मातीआड करतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक शेतकरी पुढे येऊन म्हणतो, माझी बायको गेली, घरात लहान मुलगी आहे, तिला आई हवी आणि तुला छप्पर. पाळकसाहेब आज आलेत ते पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, तेव्हा लग्न आजच लावून घेऊ. वसंतात पूर्वेकडे जाणारा गाड्यांचा तांडा निघाला आणि तुला परत जावंसं वाटलं, तर भाड्याचे पैसे मी देईन.

मार्टीला धड स्वयंपाक येत नाही. येतात ते फक्त पॅनकेक. म्हणजे आपल्या घावनाचा जाडसर भाऊ. सकाळी पॅनकेक, दुपारी पॅनकेक, रात्री पुन्हा तेच. क्लार्क निमूट खातो.

तेव्हा मी कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले असताना आजी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, तिला मी ही गोष्ट सांगायला घेतली. "एक विधुर असतो, त्याला एक मुलगी असते, तो..." इथे आजीने मला तोडलं. "बिजवर म्हण ना सरळ." मग पॅनकेकपर्यंत गप ऐकलं. आजी स्वतः बिजवराला दिलेली, आजोबांच्या पहिल्या बायकोची दोन मुलं पदरात घेऊन संसाराला लागलेली. आजोबा मिशनच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर, तोंडाने फटकळ, आणि जेवायला बसले की भाकरीला नाव ठेवल्याशिवाय पहिला घास घेत नसत. आजी म्हणाली, "दुसऱ्या पावसाळ्यात एकदा भाकरी पार करपली. ओली लाकडं, धूर, मला दिसतच नव्हतं. ते काही बोलले नाहीत. सगळी खाल्ली, पाणी प्यायले, उठले. तेव्हा मला समजलं." काय समजलं ते तिने सांगितलं नाही. सूप उचलून फोलपटं पाखडायला लागली.

या कादंबऱ्या मला ज्याच्यासाठी आवडतात ते हेच. बाकीच्या प्रेमकथा लग्नापाशी संपतात. यांतल्या चांगल्या तिथे सुरू होतात. आधी अक्षता, मग ओळख, मग जमलंच तर प्रेम. हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या बाईला क्लार्क आणि मार्टी म्हणजे अद्भुतरम्य वाटत असतील. माझ्या आजीला ते शेजारी राहणारे वाटले.

आता तक्रारी. इतिहासाच्या बाबतीत ही मंडळी फार सोयीचं पाहतात. घोडागाडी, बायकांच्या डोक्यावरचं बॉनेट, चुलीवरची किटली यांत चूक सापडायची नाही. पण ज्या माळावर हे घर उभं आहे तो माळ आधी कुणाचा होता, हे विचारायची पद्धत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची, पाच वर्षं कसून राहिलं की नावावर. ती सरकारकडे आली कुठून? तिथे राहणारे मूळचे लोक अशा बऱ्याच पुस्तकांत एकतर दिसत नाहीत, नाहीतर क्षितिजावर घोड्यावर बसून दिसतात, शहारा आणण्यापुरते. नायिका संध्याकाळी दारात उभी राहून देवाने दिलेल्या जमिनीबद्दल आभार मानते, तिथे मी पान उलटते.

आमिश लोकांवरच्या, म्हणजे जुन्या रीतीला धरून राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथावरच्या, कादंबऱ्यांची लाट आली ती बेव्हर्ली लुईस यांच्या १९९७ च्या 'द शनिंग'पासून. पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर, वीज नाही, मोटार नाही, आणि नियम मोडणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, एका पंगतीला बसायचं नाही. इंग्रजी वाचकाला यासाठीचा 'शनिंग' हा शब्द कव्हरवर पाहून कुतूहल वाटतं. आपल्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. लुईस यांची नायिका जे सोसते ते मी मनापासून वाचलं. नंतरच्या अनुकरणांत मात्र वाळीत टाकणं म्हणजे बॉनेटसारखंच एक सजावटीचं सामान झालं, ती मला वाचवली नाहीत.

स्वच्छतेबद्दल विचारणाऱ्यांना एक किस्सा सांगते. आमच्या त्याच पेटीतल्या एका कादंबरीत कुणीतरी एका परिच्छेदावर वहीच्या कागदाची पट्टी खळीने चिकटवली होती. चार ओळी झाकलेल्या. ते पुस्तक मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चार ओळींत काय काय असेल याची जी कल्पना केली ती कुठल्याच प्रकाशकाने छापली नसती. शेवटी एकदा चहाच्या आधणावर धरून पट्टी सोडवली. खाली एवढंच होतं की ती विहिरीवरून येते, तिचे हात थंडीने फुटलेले असतात, आणि तो ते आपल्या हातांत घेऊन चरबी चोळतो. अख्ख्या पुस्तकातल्या त्याच चार ओळी खऱ्या होत्या.

खरी गोम वेगळीच आहे. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, सहाव्या अध्यायात म्हटलंय की विश्वास न ठेवणाऱ्यांशी संबंध जोडून विजोड होऊ नका. या एका वचनावर हा अख्खा कादंबरीप्रकार उभा आहे. नायिका भाविक, नायक देवावर रुसलेला. दोघांचं एकमेकांवर मन. पण तो वळल्याशिवाय लग्न नाही. मग विसाव्या-बाविसाव्या प्रकरणात वादळ येतं, नाहीतर गोठ्याला आग लागते, नाहीतर मूल तापाने फणफणतं, नायक गुडघे टेकतो, आणि पंचविसाव्यात चर्चची घंटा वाजते. मला तिथे आमच्या शेजारच्या काकूंची पत्रिका बघण्याची गडबड आठवते. छत्तीस गुण जुळले की हॉल बुक करायचा. इथे गुण एकच, पण काम तेच. विश्वास ही माणसाच्या आयुष्यातली इतकी मोठी उलथापालथ, आणि तिला लग्नाच्या कागदपत्रांत बसवून टाकायचं? माझ्यासारख्या जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या बाईलाच हे खुपतं. प्रचार म्हणून नाक मुरडणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, अगं, प्रचार परवडला, त्यात निदान समोरच्याला नाही म्हणायची सोय असते.

ज्यांना हे सांभाळता येतं अशा थोड्या आहेत. फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या 'अ व्हॉइस इन द विंड'मध्ये (१९९३) इ. स. ७० च्या यरुशलेमच्या पाडावानंतर हदस्सा नावाची मुलगी गुलाम म्हणून एका रोमन घरात जाते. घरातला मुलगा मार्कस तिच्यावर जीव टाकतो, लग्न कर म्हणतो. ती त्याच वचनावर बोट ठेवून नाही म्हणते. पण इथे तिचं 'नाही' फुकटचं नाही. हो म्हटलं असतं तर ती वाचली असती. नाही म्हणून अखेर सिंहांसमोर जाते, आणि पहिला भाग तिथेच संपतो. पुढच्या भागात काय होतं ते सांगत नाही, पण मी पुस्तक आपटलं होतं.

त्यांचीच 'रिडीमिंग लव्ह' सगळ्यांना ठाऊक असते, २०२२ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. १९९१ साली ती साधी कादंबरी म्हणून आली आणि १९९७ मध्ये सोवळी करून ख्रिस्ती प्रकाशकाकडे. होशेय संदेष्ट्याची कथा, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीत नेऊन ठेवलेली. बायबलमधला होशेय आपल्या बायकोला पंधरा शेकेल रुपं आणि थोडं धान्य देऊन पुन्हा विकत घेतो. इथला मायकेल होशेय वेश्यागृहातल्या एंजलशी लग्न करतो. ती मार खाऊन अर्धवट शुद्धीत असताना! मंडळातल्या बायका या पुस्तकावर रडतात. मी इथे अडकते. देवाने सांगितलं म्हणून एखादा माणूस एखाद्या मुलीच्या असा मागे लागला, ती पळाली की शोधून परत आणायला लागला, तर आमच्या गल्लीत तरी त्याची वरात पोलीस चौकीत जाईल. पण शेवट मला मान्य आहे. अखेरच्या वेळी ती जाते तेव्हा मायकेल तिच्या मागे जात नाही. वर्षं जातात. मग ती स्वतःच्या पायांनी येते आणि आजवर कुणाला न सांगितलेलं आपलं खरं नाव त्याला सांगते. त्या दोन पानांसाठी आधीची शेकडो पानं माफ केली.

"पण हे सगळं परकंच ना," असंही कुणी म्हणतं. त्यांना बाबा पदमनजींची आठवण करून द्यावी लागते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ ची, ख्रिस्ती माणसाने लिहिलेली, विधवांच्या हालांवरची, आणि यमुना शेवटी बाप्तिस्मा घेऊन पुन्हा लग्न करते. म्हणजे ओकबाईंच्या आधी एकशेबावीस वर्षं हे बी आपल्याकडे पेरून झालं होतं. कादंबरी म्हणून ती वाचायला जड आहे, पर्यटन कमी आणि प्रवचन फार. पण परकी नाही.

आणि विजोड संसाराची मी वाचलेली सगळ्यात मोठी प्रेमकथा तर कादंबरीच नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. ताटातूट झाली, आक्रोश झाला, मग पुन्हा एकत्र आले, तरी बाईंचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. नवरा धर्मप्रचारक आणि बायको त्याच्या हातचं पाणी पीत नाही! एकेक करून तिने ते सोडलं, आपल्या गतीने, आपल्या डोक्याने, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं अमेरिकेतल्या कुठल्या संपादकाने ठेवली असती? त्याने वादळ आणून प्रकरण एका रात्रीत मिटवलं असतं. लक्ष्मीबाई मात्र त्या पाच वर्षांवर हसतात, चिडतात, आणि पुस्तकभर नवऱ्याला नुसतं 'टिळक' म्हणतात. त्या एका हाकेत कौतुक, वैताग आणि जिव्हाळा किती वेळा जागा बदलतो ते मोजायला जाऊ नका.

गेल्या नाताळाच्या आधी मंडळातल्या एका बाईंनी मला विचारलं, मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिथल्याच एका हिंदू मुलाशी जमलंय, तिला समज येईल असं एखादं पुस्तक द्या. ओकबाई द्याव्यात की रिव्हर्स, असा विचार करत कपाटापुढे उभी राहिले, आणि 'स्मृतिचित्रे' काढून दिली. पंधरा दिवसांनी त्या चपलांपाशी मला पुन्हा भेटल्या, चेहरा पडलेला.

"मुलीच्या आधी मीच वाचायला घेतलं. हे काय दिलंत हो? यात तर नवरा-बायको नुसते भांडतायत."

"कुठवर आलात?"

"टिळकांनी बाप्तिस्मा घेतलाय आणि ती बाई रडतेय."

"मग पुढे वाचा," मी म्हटलं.

पुस्तक अजून परत आलेलं नाही. मुलगीही नाताळात घरी येऊन गेली म्हणे, आणि जाताना ते तिनेच पिशवीत घातलं.