तुम्ही विचारलंत म्हणून: धार लावूनही करवत का चालत नाही?

जुन्या वाड्यात, वखारीत नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर दोन मुठींची लांब करवत सापडते. गंज काढून होतो, धारवाल्याकडून दाते घासून येतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "दाते बोटाला लागताहेत, मग ओंडक्यात करवत जात का नाही?"

बहुतेक वेळा दोष धारेत नसतोच. तो दात्यांच्या उंचीत असतो.

आधी करवत कुठल्या जातीची आहे ते बघा. सगळे दाते एकसारखे त्रिकोणी असतील तर मामला सोपा. सुक्या, कठीण आणि फार जाड नसलेल्या लाकडाला ती बरी. पण दर दोन किंवा चार टोकदार दात्यांनंतर एक वेगळाच, मधोमध दुभंगलेला दाता दिसला, तर तो रेकर. टोकदार दाते लाकडाचे तंतू दोन्ही कडांनी चिरत जातात आणि रेकर त्या दोन चिरांमधली पट्टी उचलून बाहेर काढतो. अशी करवत नीट लावलेली असली की भुशाऐवजी लांब शेवया पडतात.

धारवाला सहसा काय करतो? टोकदार दाते एकेक करून अंदाजाने घासतो आणि रेकरला हातच लावत नाही. दाते बुटके होतात, रेकर होता तेवढाच राहतो. मग लाकडावर आधी रेकर टेकतो, करवत वरच्यावर घसरते आणि तुम्ही जोर लावत बसता.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने पातं लांबीच्या दिशेने साफ करा. ग्राइंडर नको, पातं तापलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग सगळी टोकं एका रेषेत आणायची. सपाट कानस लाकडी ठोकळ्यात पात्याशी काटकोनात राहील अशी बसवा आणि टोकांवरून हलक्या हाताने लांबीभर फिरवा. सगळ्यात बुटक्या दात्याच्या टोकावर कानशीचा चमकता ठिपका उमटला की थांबा. तुटका दाता मात्र हिशेबात धरू नका, त्याच्यापायी बाकीचे सगळे उगाच झिजतील. दात्यांच्या बाजूला पातं कमानीसारखं असेल तर ती कमान तशीच ठेवायची.

आता रेकर. तो टोकदार दात्यांपेक्षा किंचित खाली हवा. साग किंवा बाभळीसारख्या कठीण, सुक्या लाकडाला ०.२ ते ०.३ मिमी पुरे. मऊ आणि ओल्या लाकडाला ०.५ मिमी, कधी त्याहूनही थोडं जास्त. मोजायला गॅरेजवाले स्पार्क प्लगसाठी वापरतात तो फीलर गेज चालतो. रेकरच्या दोन्ही बाजूंच्या दात्यांवर छोटी सरळ पट्टी टेकवा आणि पट्टी व रेकर यांच्यामधून गेजचं पान सरकवून बघा. कानशीचे दोन हात मारा, मोजा, पुन्हा दोन हात मारा. फार खाली गेलेला रेकर वर आणायचा तर शेजारचे सगळे दाते उतरवावे लागतात, आणि त्यात करवतीचं आयुष्य जातं.

बरोबर जमलं की नाही हे शेवयाच सांगतात. कडांना केसाळ धागे लोंबत असतील तर रेकर उंच आहे. दात्यांनी न चिरलेले तंतू तो उपटून काढतोय. शेवई कागदासारखी पातळ आली तर रेकर जास्तच उतरलाय. नुसता भुसा पडत असेल तर टोकं बोथट आहेत.

टोकं काढायची ती रेकरनंतर. मघाचा चमकता ठिपका उजेडाकडे धरून बघा. दात्याच्या उतारावर कानस चालवत राहा आणि ठिपका नाहीसा झाला की त्या क्षणी कानस उचला. त्यापुढचा प्रत्येक हात म्हणजे उंची कमी, आणि मग सगळं पहिल्यापासून. कठीण लाकडासाठी टोकाचा कोन जरा जाड ठेवा, फार निमुळतं टोक लवकर मोडतं.

शेवटी टोकदार दाते आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे झुकवायचे. तेही फक्त टोकाकडचा भाग आणि प्रत्येक बाजूला साधारण ०.२ ते ०.३ मिमी. मुळातून वाकवलेला दाता तडकतो. जुनी, चांगल्या घडणीची पाती पाठीकडे पातळ होत जातात, त्यांना कमी झुकाव पुरतो. पाठीची आणि दात्यांकडची जाडी व्हर्नियरने मोजून खात्री करा. सगळ्या पात्यांना सारखाच झुकाव देणं मला पटत नाही, त्याने खाच रुंद होते आणि मेहनत वाया जाते. करवत एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे दाते जास्त झुकलेत किंवा उंच राहिलेत.

वापरताना नियम एकच: ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं मधे फुगतं. आणि ओंडक्यात करवत अडकली की करवतीलाच दोष देऊ नका. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबात असते आणि खाच मिटते. करवत पुरती आत गेली की तिच्या मागे पाचर ठोका. एकच टोक टेकलेलं असेल तर खाच आपोआप उघडते, पण शेवटी ओंडका अचानक फाटतो, तेव्हा पाय सांभाळा. पात्याला चीक चिकटत असेल तर रॉकेलचं फडकं फिरवा.

अमेरिकेत १९६४च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे राखीव रानांत मोटरवर चालणाऱ्या अवजारांना साधारणपणे बंदी आहे, त्यामुळे पायवाटा मोकळ्या करणारी मंडळी आजही हीच करवत वापरतात. आपल्याकडचा वृक्षतोडीचा कायदाही १९६४चाच. साग-आंब्यासारख्या झाडांना हात लावण्याआधी परवानगी काढा.

काम झालं की मुठी काढा, पात्यावर पातळ तेल फिरवा आणि बागेचा जुना पाइप उभा चिरून दात्यांवर चढवा. करवत सरळ टांगून ठेवा. भिंतीला वाकवून टेकवलेल्या पात्याला कायमचा बाक येतो, आणि तो ऐरणीवर काढण्याइतका हात बसलेला कारागीर आता सहजी मिळत नाही.