रोजची पाच मिनिटं

मी या घरात आले तेव्हा नवऱ्याचा मुलगा आठ वर्षांचा होता. त्याची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माया लावली की पोर आपोआप लळा लावेल, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच महिन्यात त्यानं माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्या मोडल्या आणि माझ्याच उशीखाली नीट शेजारी शेजारी ठेवल्या. विचारलं तर म्हणाला, "तू माझी कोण?"

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. शाळेतून सारखे फोन यायचे. एकदा त्यानं वर्गातल्या मुलाच्या दंडाला रक्त येईपर्यंत चावा घेतला होता. मी रागवायचे, शिक्षा करायचे. नवरा संध्याकाळी घरी आला की "जाऊ दे, आई नाही त्याला" म्हणत ती शिक्षा मोडून काढायचा. मग आमची भांडणं. रागावले तर सावत्रपणा दाखवते, नाही रागावले तर लक्ष देत नाही, दोन्हीकडून बोल मलाच. त्या काळात मला तो आवडत नव्हता. हे मी कुणाजवळ बोलू शकत नव्हते.

शेवटी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी घाई केली नाही. ऐकू नीट येतं का, झोप कशी आहे, अभ्यासात कुठं अडतं, आईच्या जाण्याबद्दल तो काय बोलतो, सगळं पाहिलं. मग 'ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर', म्हणजे सतत विरोध करण्याचा, न जुमानण्याचा विकार, असं निदान झालं. चिडचिड, हुज्जत, मुद्दाम त्रास देणं, डूख धरणं अशा 8 लक्षणांपैकी किमान 4 लक्षणं कमीत कमी 6 महिने दिसली तरच हे निदान करतात. मूल हट्टी आहे म्हणून कुणी हा शिक्का मारत नाही.

समुपदेशक बाईंनी जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं मांडलेलं चक्र समजावलं. मोबाइल ठेव म्हटलं की मूल किंचाळतं, मोठी माणसं कंटाळून माघार घेतात, मूल गप्प होतं. सुटका दोघांचीही होते, म्हणून दोघंही तेच शिकतात आणि पुढच्या वेळी आवाज आणखी चढतो. आमची रोजची रात्र कुणी चोरून पाहिली असावी असं वाटलं मला.

त्या मला म्हणाल्या, "शिस्त काही काळ वडिलांकडे राहू दे. तुम्ही आधी त्याच्याशी ओळख करून घ्या." हे पचायला जड गेलं. म्हणजे इतके दिवस मी केलं ते काय? पण खरं होतं. नातंच जुळलेलं नसताना मी थेट अधिकार गाजवायला गेले होते. नियम आता नवरा सांगू लागला, मोजकेच, आणि पाळायलाही लावू लागला. माझ्या वाट्याला आली रोजची पाच मिनिटं. खेळ तो निवडणार. मी हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक काढायची नाही. तो करतोय ते फक्त शब्दांत सांगायचं: "निळा ठोकळा वर ठेवलास." पहिल्या दिवशी त्यानं तो निळा ठोकळा मला फेकून मारला.

किंचाळण्याला दाद देणं थांबवल्यावर सुरुवातीला वागणं बिघडतं, हे सांगितलेलं होतं, तरी मी हादरले. तीन आठवडे तो दारावर लाथा मारत होता. खालच्या फळीला पडलेली चीर अजून आहे. एकदा त्यानं कात्री उगारली. अशा वेळी दुर्लक्ष करायचं नाही, हे आधीच ठरलेलं. कात्री काढून घेतली, धारदार वस्तू कुलपात ठेवल्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं.

बदल इतका हळू आला की मला तो दिसलाच नाही. शाळेतले फोन कमी झाल्याचं नवऱ्यानं दाखवून दिलं.

आता तो अकरा वर्षांचा आहे. गेल्याच महिन्यात दप्तर भिंतीवर आपटलंय, समुपदेशन चालू आहे. परवा मी तापानं पडून होते. तो ठोकळ्यांचा डबा घेऊन आला, माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आज तू बोलू नकोस. नुसतं बघ."