एकाच कापात दिसलेला तुकडा

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन आला तेव्हा मी बर्फाच्या ट्रेमधले ब्लॉक, म्हणजे पॅराफिनच्या मेणात बसवलेले पेशंटचे नमुने, उलटे करून ठेवत होते. मे महिना होता. आमच्या मराठवाड्यात त्या दिवसांत पॅराफिन इतकं मऊ पडतं, की दर दहा मिनिटांनी बर्फ बदलावा लागतो. "ताई, हातातलं ठेवा आणि वर या," एवढंच त्या म्हणाल्या. मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले नमुने मायक्रोस्कोपखाली तपासतात त्या विभागात, वीस वर्षं टेक्निशियन आहे. त्या आवाजाचा अर्थ मला लगेच कळला.

वर दोघांना एकदम पाहता येईल असा मायक्रोस्कोप आहे. मॅडमनी मला समोर बसवलं. स्लाइड एका ३१ वर्षांच्या बाईची होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना टीबीसाठी पाठवला होता. गर्भाशयाचा टीबी बऱ्याचदा कुठलाही त्रास न देता आत बसून राहतो आणि मूल न होणं हेच त्याचं पहिलं लक्षण ठरतं. म्हणून असे नमुने आमच्याकडे नेहमी येतात. स्लाइडवर सगळ्या ग्रंथी छान, गोल, एकसारख्या होत्या. मॅडमनी स्लाइड कडेला सरकवली आणि तिथे एक तुकडा दिसला. झाडाला फांद्या फुटाव्यात तशी रचना, पेशी एकमेकींवर चढलेल्या, केंद्रकं मोठी आणि काळपट निळी. निदान करणं माझं काम नाही, पण हजारो स्लाइडी हाताखालून गेल्यावर वाईट काय दिसतं ते डोळ्यांना कळतं.

"हा तुकडा हिचाच आहे का?" मॅडमनी विचारलं.

एका पेशंटचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर गेला तर त्याला आम्ही फ्लोटर म्हणतो. तो कुठूनही येऊ शकतो. नमुने चिरायच्या (ग्रॉसिंगच्या) पाटावरून, ते मेणात बसवायच्या (एम्बेडिंगच्या) चिमट्याला चिकटून, रंगाच्या बरणीतून. पण सगळ्यात जास्त भीती वॉटर बाथची. मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर ब्लॉकचे ४ मायक्रॉनचे काप निघतात, ते एकमेकांना चिकटून रिबन तयार होते आणि ती ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर सोडतात. तिथे सुरकुत्या गेल्या की खालून स्लाइड घालून ती अलगद उचलायची. मागच्या ब्लॉकचा एखादा कण पाण्यावर राहिला असेल, तर तोही सोबत येतो. म्हणून दर ब्लॉकनंतर टिश्यू पेपरची पट्टी पाण्यावरून ओढायची असते.

कापायचा क्रम वहीत लिहायची मला सवय आहे. खाली जाऊन वही पाहिली. सकाळी एका ५८ वर्षांच्या बाईच्या ओव्हरीच्या गाठीचे १२ ब्लॉक कापले होते आणि त्यांच्या पाठोपाठ हा. ती गाठ अशी भुसभुशीत होती, की काप पाण्यावर टाकताच कडा सुटत होत्या. मध्येच लाइट गेली होती, पाणी गार झालं होतं, लाइट आल्यावर मी घाईत होते. पट्टी ओढली होती का? मला आठवेना. कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

मी मॅडमना सांगितलं, "माझी चूक असणार."

त्या म्हणाल्या, "तशीच निघावी असं मलाही वाटतंय. पण वाटण्यावर रिपोर्ट देता येत नाही."

त्यांचं खरं होतं. तो तुकडा तिचाच असेल आणि आम्ही फ्लोटर म्हणून सोडून दिला, तर कॅन्सर आत राहणार. तिचा नसेल आणि आम्ही कॅन्सर लिहिला, तर मूल व्हावं म्हणून आलेल्या बाईचं गर्भाशयच काढलं जाणार.

आम्ही पुन्हा तीच स्लाइड पाहिली. रिबनचे तीन काप तिच्यावर ओळीने होते. तुकडा फक्त मधल्या कापात होता, शेजारच्या दोन्हींत त्या जागी काहीच नव्हतं. तो साधारण अर्धा मिलिमीटर होता. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन. तेवढ्या जाडीचं काही ब्लॉकमध्ये असतं, तर ते ४ मायक्रॉनच्या शंभरावर कापांत दिसायला हवं. एका कापात उगवून पुढच्यात नाहीसं कसं होईल? मग मॅडमनी फाइन फोकस हळूच फिरवला. खालची ग्रंथी स्पष्ट झाली की तुकडा धूसर होई, तुकडा स्पष्ट झाला की ग्रंथी पुसट. तो ग्रंथीच्या वर बसला होता. मला छातीत जरा मोकळं वाटलं, पण ब्लॉक पुन्हा कापल्याशिवाय दोघींचंही समाधान होणार नव्हतं.

अस्तराचा नमुना चिमूटभर असतो. असा ब्लॉक मायक्रोटोमवर पुन्हा लावताना कोन जरासा चुकला, तर नीट पहिला काप मिळेपर्यंत निम्मा नमुना कचऱ्यात जातो. मी वॉटर बाथ रिकामा करून आतून पुसला, पाणी नवीन घेतलं, ब्लेड नवीन, ब्रश नवीन. बाकीचे सगळे ब्लॉक टेबलावरून हलवले. ब्लॉक बर्फावर ठेवला आणि मायक्रोटोमच्या पकडीत बसवला. ब्लेडची धार आणि ब्लॉकचा पृष्ठभाग यांच्यामधून येणारी उजेडाची रेघ दोन्ही टोकांना सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहिले. ती रेघ जुळवायलाच पंधरा मिनिटं गेली. मग चाक हळू फिरवलं. पहिल्याच फेरीला पूर्ण काप आला. ब्लॉकवर हलकी फुंकर घातली, पुढचा काप सरळ उतरला. ५० काप घेतले, रंगवायला दर पाचव्याची स्लाइड केली आणि मधले कापही स्लाइडींवर उचलून ठेवले, एकही टाकला नाही.

रंगही ताजे घेतले. हिमॅटॉक्सिलिन गाळलं, अल्कोहोल आणि झायलीनच्या बरण्या बदलल्या. ॲसिड अल्कोहोलमध्ये एक बुडी, मग नळाचं पाणी. लालसर जांभळी केंद्रकं त्या पाण्यात निळी होतात, ते मी आजही थांबून बघते. मग इओसिन. दीड वाजता दहा स्लाइडी मॅडमच्या टेबलावर होत्या.

दहाही स्लाइडींत गोल, एकसारख्या ग्रंथी. तुकडा कुठेच नव्हता. टीबीच्या गाठीही नव्हत्या. मॅडमनी ओव्हरीची स्लाइड शेजारच्या मायक्रोस्कोपवर लावली आणि मला दोन्हींतून आळीपाळीने पाहायला सांगितलं. त्याच फांद्या, तीच केंद्रकं.

घडलेलं सगळं मी रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं, वेळेसकट. आमच्याकडे नवीन आलेली मुलगी म्हणाली, "ताई, रिपोर्ट तर चुकला नाही, मग कशाला लिहिता?" मी तिला जवळ बसवलं आणि ती पहिली स्लाइड दाखवली. फोकस तिलाच फिरवायला लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी रिपोर्टच्या खिडकीवर माझी पाळी होती. त्या ३१ वर्षांच्या बाईची सासू आली. कागद हातात घेऊन तिने विचारलं, "टीबी न्हाई ना, बाई?" सांगणं डॉक्टरांचं काम आहे, तरी मी मान हलवून नाही म्हटलं. दोन माणसं सोडून मागे ओव्हरीवाल्या बाईचा मुलगा उभा होता. तो तुकडा त्याच्या आईचा होता. पाकीट घेऊन त्याने विचारलं, "हे आता कुठं दाखवायचं?" खोली पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. सांगून सापडत नाही. खिडकी त्या नवीन मुलीकडे दिली आणि जिन्यापर्यंत मी त्याच्याबरोबर गेले.