कॉलेजात असताना ब्लॉग काढला, त्यातून काय काय कळलं

ब्लॉग काढायचा ठरवलं की आधी थीम, रंग, हेडर यातच वेळ जातो, माझाही गेला, आणि खरं सांगू का, वाचणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं. तो सर्चमधून थेट एका पोस्टवर येतो, हवं ते वाचतो आणि जातो. मी ब्लॉग काढायला ब्लॉगर ही साइट घेतली. १९९९ ची सर्व्हिस, २००३ ला गुगलने विकत घेतली, दिसायला जरा जुनाट आहे पण फुकट आहे, होस्टिंगची, म्हणजे ब्लॉग ठेवायला सर्व्हरवर जागा घ्यायची कटकट नाही, विद्यार्थ्याला अजून काय पाहिजे.

लिहायचं काय हा खरा प्रश्न. सुरुवातीला मी वाचनाचं महत्त्व, वेळेचं नियोजन असले भारदस्त विषय घेतले, मैत्रिणींनी छान छान म्हटलं आणि विषय संपला. मग प्रोजेक्टच्या वेळी एक भानगड झाली. रिपोर्ट जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता, तो दुसरीकडे पेस्ट केला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा नुसता कचरा दिसायचा. शोधल्यावर कळलं की कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षराच्याच कोडवर मराठी आकार चढवतात, म्हणजे फाइलमध्ये मुळात मराठी नसतंच, फॉन्ट काढला की सोंग उघडं पडतं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो. कन्व्हर्टरमधून मजकूर बदलून घेतला आणि पुढे विसरायला नको म्हणून त्याच रात्री सगळं जसंच्या तसं लिहून टाकलं, र्‍हस्व वेलांटी आणि रफार कन्व्हर्ट होताना कुठे गडबडतात ते सुद्धा.

त्या पोस्टवर लोक यायला लागले, अजून येतात. कारण सरळ आहे, कुणीतरी नेमका तोच प्रश्न टाइप करून शोधत असतं, वाचनाचं महत्त्व कोण शोधणार? आणि नुकतंच डोकं फोडून शिकलेलं असलं की माणूस कुठे अडकतो ते आपल्याला ताजं आठवत असतं, शिकवणाऱ्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मधली पायरी सांगायचीच राहून जाते. विद्यार्थ्याने ब्लॉग लिहावा तर यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गंमत लिंकची. शीर्षक पूर्ण मराठीत दिलं की ब्लॉगर लिंकमध्ये ते घेत नाही, शेवटी नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि कसलातरी आकडा चिकटवतो. वर्डप्रेस ही ब्लॉगची दुसरी सर्व्हिस ते घेते, पण तीच लिंक कॉपी करून मेसेजमध्ये टाकली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण मराठीचं एकेक अक्षर, काना, मात्रा तिथे तीन बाइटची होते आणि दर बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन कॅरेक्टर असा लिहिला जातो, म्हणजे एकूण नऊ कॅरेक्टर. म्हणून पब्लिश करायच्या आधी पर्मालिंकमध्ये, म्हणजे पोस्टची लिंक ठरवायच्या पर्यायात जाऊन इंग्रजी लिपीत दोन-तीन शब्द टाकायचे.

फोटोंबद्दल थोडक्यात: सर्चमधून उचलून लावू नका, विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साइटवर भरपूर मिळतात, पण तिथेही लायसन्स बघायचं, बऱ्याच फोटोंना काढणाऱ्याचं नाव देणं बंधनकारक असतं. आणि आकड्यांवर जीव टाकायच्या आधी ब्लॉगरच्या स्टॅट्समध्ये, म्हणजे व्ह्यूज दिसतात त्या पानावर, स्वतःचे व्ह्यूज मोजू नका हा पर्याय चालू करा, नाहीतर आपणच रिफ्रेश करायचं आणि आपणच खूश व्हायचं.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते. ब्लॉग कॉलेजने दिलेल्या ईमेलवर काढू नका, कोर्स संपल्यावर तो अकाउंट बंद होऊ शकतो, एका सीनियरचा ब्लॉग असाच अडकला, पोस्ट दिसतायत पण आत शिरता येत नाही. आधीच काढला असेल तर सेटिंगमधून आपला पर्सनल ईमेल लेखक म्हणून जोडायचा, तिकडून इन्व्हिटेशन स्वीकारायचं आणि मग त्याला ॲडमिन करायचं, नुसतं लेखक ठेवून भागत नाही. त्याच सेटिंगमध्ये बॅकअपही आहे, सगळ्या पोस्ट डाउनलोड करता येतात, मी तो सेमिस्टर संपलं की घेऊन ठेवते.