दर सहावी ओळ गायब

अलिबाग तालुक्यातल्या एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरात मलिद्याच्या विधीच्या वेळी टेप केलेली सी-९० (९० मिनिटांची) कॅसेट आमच्या ध्वनिसंग्रहात आली. सोबत कुणीतरी आधीच ‘साफ’ करून दिलेली एमपी३ फाइल होती, आणि एक टिपण : गाणाऱ्यांना ‘एलियाहू हनाबी’ पूर्ण पाठ नव्हतं, मधल्या ओळी गळल्या आहेत. पोहे-गूळ-खोबऱ्याचं ताट पुढ्यात ठेवून एलिया संदेष्ट्याच्या नावाने हे गीत पिढ्यान् पिढ्या म्हणणाऱ्या लोकांबद्दलचा हा निष्कर्ष तपासल्याशिवाय नोंदवहीत जाऊ देणं मला मान्य नव्हतं.

तपासायला सोय मोठी आहे. या हिब्रू गीताची प्रत्येक ओळ ‘इश’ने सुरू होते आणि त्यापुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर वर्णमालेच्या क्रमाने येतं : इश आशेर, इश बिसार, इश गाश, असं आलेफपासून तावपर्यंत २२ ओळी. तीन-तीन ओळींना एक यमक, मध्ये ध्रुपद. त्यामुळे काय गाळलं ते बोटावर मोजता येतं. एमपी३ ऐकताना समोरच्या यादीवर खुणा केल्या. दालेथ नाही, योद नाही, आयिन नाही. म्हणजे चौथी, दहावी आणि सोळावी ओळ. विसरणारा माणूस कुठेही विसरतो. बरोबर दर सहाव्या ओळीला विसरत नाही. इथे काहीतरी यंत्राचं होतं.

कॅसेट बाहेर काढली. फीत हेडला दाबून धरणाऱ्या प्रेशर पॅडचा गोंद सुटला होता, म्हणून फीत स्क्रूच्या नव्या खोक्यात हलवली, एकदा पुढे आणि एकदा मागे संथपणे गुंडाळून घेतली. सी-९०ची फीत सी-६०पेक्षा पातळ असते, ती झटक्याने ताणली की कायमची लांबते. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग अझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन : दोन्ही चॅनल मोनोत एकत्र करून हेडचा स्क्रू अगदी हलके फिरवायचा आणि ‘श’, ‘स’ सगळ्यांत धारदार ऐकू येतील तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण आपला डेक कितीही बिनचूक असला तरी ज्या रेकॉर्डरवर टेप झालं त्याचा हेड वाकडा असू शकतो. डॉल्बी (खरखर दाबणारी यंत्रणा) बंद, साध्या फितीचं १२० मायक्रोसेकंदांचं इक्वलायझेशन, ९६ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह फाइल. खरखर काढणारं कुठलंही फिल्टर नाही.

कच्च्या प्रतीत दालेथ सापडला. पुढचा माणूस पेटी घेऊन मायक्रोफोनजवळ बसलाय. पहिल्या तीन ओळी तो एकटा म्हणतो, ध्रुपद सगळे मिळून पेटीच्या पूर्ण जोरात, आणि पुढच्या तीन ओळी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, बहुतेक बायकांच्या आवाजात. घरगुती रेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. ध्रुपदाच्या दणक्याने ते आवाज खाली दाबतं आणि परत वर यायला काही सेकंद घेतं. तेवढ्यात लांबच्या आवाजातली पहिली ओळ बुडते. दुसरी अंधूक उमटते, तिसरी स्पष्ट. ‘साफ’ करणाऱ्या सॉफ्टवेअरने बुडालेली ओळ खरखर समजून कापून टाकली. हेडफोनवर कच्ची प्रत लावली, तर ‘इश दोरोथ’ पुसट पण निःसंशय आहे, आणि ओळीच्या शेवटचं ‘एनाव’ पुढच्या ‘सिमनाव’, ‘मोथ्नाव’शी यमक जुळवतं. योद आणि आयिन याच रीतीने मिळाले. शेवटची तावची ओळ सगळे एकत्र म्हणतात, म्हणून ती ‘साफ’ प्रतीतही वाचली होती.

नोटेशनआधी पट्टी ठरवायची होती. १९११ ते १९१३ मध्ये संगीत-संशोधक अब्राहम इडेलसोन यांनी जेरुसलेममध्ये व्हिएन्नाच्या फोनोग्रामआर्काइव्ह या ध्वनिसंग्रहासाठी वेगवेगळ्या ज्यू समाजांचं गायन मुद्रित केलं. त्या आर्काइव्हच्या पद्धतीत गाण्यासोबत ठरावीक सुराची शिटीही नोंदवत, म्हणजे पुढे वेग लावता येतो. घरगुती कॅसेटवर अशी शिटी कुठली? पण विजेची गुणगुण असते, आपल्याकडे साधारण ५० हर्ट्झची. इथे ती ५२ हर्ट्झवर दिसत होती, आणि पेटीचा सा २८८ वर, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये. नुसत्या गुणगुणीवर विसंबता येत नाही, कारण आपल्याकडची वीज पूर्वी ४८ ते ५१.५ हर्ट्झमध्ये हलायची, आणि ४८ व ५० मधला फरक ७० सेंटचा (एका पट्टीचे शंभर सेंट), म्हणजे जवळजवळ पाऊण पट्टीचा. म्हणून दोन्ही एकत्र पाहायचे. सा पांढरी दोन मानला तर वीज ५३ हर्ट्झ येते, पांढरी एक मानला तर ४७; दोन्ही अशक्य. काळी एक मानला की बरोबर ५० येते. टेप करणारं यंत्र चार टक्के मंद चाललं होतं.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मराठी कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या, म्हणजे त्या वृत्तांतली पदं, आहेत. मुंबईच्या बेने इस्राएलांनी १८८०च्या दशकात हरिकीर्तनाच्या घाटावर बायबलमधली आख्यानं लावायला सुरुवात केली, त्या परंपरेतल्या. त्यांचं काम वेगळं करावं लागेल.

नोंदीत टिपणाचा निष्कर्ष बदलला : गीत पूर्ण, आलटून-पालटून गायलेलं, पट्टी काळी एक. नोटेशन दोन ओळींत लिहिलं, वर पेटीवाल्याचा आवाज, खाली समूहाचा; दालेथ, योद आणि आयिनच्या जागी स्वर जिथे नक्की ऐकू येत नाहीत तिथे चौकोनी कंस. कच्ची फाइल मूळ प्रत म्हणून ठेवली, वेग दुरुस्त केलेली ऐकण्यासाठी, आणि एमपी३ वर ‘अभ्यासासाठी वापरू नये’ असा शेरा मारला.