पाचही पर्याय खोडलेले

एलसॅटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्सचा (दिलेल्या अटींवरून मांडणी शोधायच्या कोड्यांचा) विभाग नाही. त्याआधी 35 मिनिटांत चार गेम सोडवायचे असत, म्हणजे एकाला जेमतेम पावणेनऊ मिनिटं. त्या काळात तपासायला आलेला एका विद्यार्थ्याचा कागद आहे. चौथ्या प्रश्नाचे पाचही पर्याय खोडलेले आणि बाजूला शेरा: 'प्रश्न चुकीचा'.

गेम साधाच, रांग लावण्याचा. क, ख, ग, घ, च, छ, ज ही सात भाषणं, एकामागून एक. ग हे घच्या आधी, घ हे कच्या आधी. कच्या लगेच पाठोपाठ ख. च चौथं. आणि छ पहिलं ठेवायचं तर ज शेवटी हवंच.

कागदावर सात आडव्या रेघा, चौथीवर च. 'कख' एका चौकटीत. इथवर उत्तम. घोटाळा पुढे होता: 'गघ'भोवतीही तशीच चौकट. अटीत नुसतं 'आधी' होतं, चौकटीने ते 'लगेच आधी' करून टाकलं. दोन्हींची खूण वेगळी हवी. चिकटून असेल तर चौकट, नुसतं आधी असेल तर मध्ये टिंबं: ग … घ … [कख].

गंमत म्हणजे मोठा निष्कर्ष त्याने बरोबर काढला होता. कच्या आधी ग आणि घ, म्हणून क पहिलं-दुसरं नाही. तिसरं ठेवलं तर ख चौथ्यावर जातं, तिथे च बसलेलं. म्हणून क पाचवं किंवा सहावं. दोनच चित्रं. त्यात 'गघ'ची चौकट 1-2 किंवा 2-3 एवढ्याच जागी मावते, त्यामुळे सगळं कसं झटपट जुळून आल्यासारखं वाटलं. जास्तीची अट नकळत घुसली की आकृती अशीच सुबक होते, म्हणून शंका येत नाही.

चौथा प्रश्न: यातलं काय शक्य आहे? ख तिसरं, क चौथं, घ पहिलं, ग पाचवं, घ पाचवं. पहिले चार खरोखरच अशक्य. घ पाचवं मात्र चालतं, क सहाव्यावर असेल तर. चौकटीमुळे ग चौथ्यावर आला, तिथे च, म्हणून तेही खोडलं गेलं.

आणि त्याच कागदावर, चार बोटं वर, पहिल्या प्रश्नाचं (यातली कुठली रांग चालेल?) बरोबर उत्तर लिहिलेलं होतं: ज ग छ च घ क ख. पाचव्या जागी घ! तो प्रश्न त्याने आकृतीला हात न लावता, एकेक अट घेऊन पर्याय खोडत सोडवला होता. तसाच सोडवायचा असतो. फक्त मिळालेली रांग लगेच आकृतीवर ठेवून पाहायची. बसली नाही तर आकृती चुकली. याला दहा सेकंद लागतात. त्याची चार मिनिटं गेली होती.

चौकट पुसून टिंबं दिली. दुसऱ्या चित्रात सातव्या जागी ख, म्हणजे ज तिथे नाही, म्हणजे छ पहिलं नाही. घ तर कधीच पहिलं नाही. पहिल्या जागेसाठी उरले ग आणि ज. ('छ पहिलं तर ज शेवटी' ही अट उलटी वाचून 'ज शेवटी, म्हणून छ पहिलं' म्हणणारेही भेटतात. पहिल्या चित्रात ज शेवटी ठेवून छ दुसरं किंवा तिसरं खुशाल बसतं.) एकूण रांगा 15 होतात, पहिल्या चित्रात 6, दुसऱ्यात 9. त्या लिहून काढायच्या नसतात. दोन चित्रांवरून पुढचे दोन्ही प्रश्न सुटले.